फुजैरातला गुप्त सत्कार

उत्तर आफ्रिकेच्या डोंगरांत राहणाऱ्या बर्बर लोकांपर्यंत सुवार्ता पोचवण्याची जबाबदारी देवानं फुजैरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीवर सोपवली होती. हे वाक्य माझं नाही, आमच्या अध्यक्षांचं आहे. ते त्यांनी उभं राहून, डोळे मिटून म्हटलं होतं. झालं होतं ते असं. दुबईला सगळ्या भाषांच्या मंडळ्यांची एकत्र सभा होती. परदेशातून आलेल्या मिशनच्या एका संचालकांनी भिंतीवर नकाशा लावला आणि आखातात पोटासाठी आलेल्या जमातींपैकी एकेक जमात प्रत्येक मंडळीनं प्रार्थनेसाठी दत्तक घ्यावी असं सुचवलं. मल्याळी मंडळी वेळेवर आली होती, त्यांनी पठाण घेतले. तमिळ मंडळींनी बलुची घेतले. आम्ही फुजैराहून निघालो तेच उशिरा, वाटेत धैदला चहाला थांबलो, आणि पोचलो तेव्हा बर्बर तेवढे उरले होते.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमची मंडळी म्हणजे दहा-बारा कुटुंबं, बहुतेक नगर आणि जालन्याकडची. कोणी बंदरावर, कोणी इस्पितळात, कोणी शाळेत. मी एका शिपिंग एजन्सीत होतो. शुक्रवारी सुट्टी, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी यायचा. चर्चच्या आवारातला एक छोटा हॉल आम्हाला ठरावीक वेळेला मिळे. अध्यक्ष सिमेंटच्या कारखान्यात इंजिनिअर होते. माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीचं उद्घाटन झालं पाहिजे असं वाटणारा. त्यांच्या घरी नवा फ्रिज आला तेव्हाही आम्ही सगळे प्रार्थनेला गेलो होतो.

त्या देशात आपापली उपासना करायला आम्हाला मोकळीक होती आणि तिचं आम्हाला मोल होतं. मुसलमानाला ख्रिस्ती करायला मात्र कायद्यानं सक्त बंदी. बर्बर बहुतेक सगळे मुसलमान. त्यामुळे आमचं मिशनकार्य म्हणजे प्रार्थना, आणि ते आम्हाला झेपण्यासारखं होतं. वर्षभर आम्ही दर शुक्रवारी बर्बर लोकांसाठी प्रार्थना केली. आमच्यापैकी कोणी एकही बर्बर पाहिलेला नव्हता, त्यामुळे लक्ष विचलित होण्याचा प्रश्न नव्हता.

मग मला एक भेटला. खरं तर तो आधीपासून माझ्यासमोर होता. फुजैराला जहाजं तेल भरायला येतात. जहाजानं किती तेल घेतलं यावर जहाजवाला आणि तेलवाला यांचं कधीच एकमत होत नाही. म्हणून टाकीत फीत सोडून माप घेणारा तिसरा माणूस लागतो, त्याला सर्व्हेअर म्हणतात. असा एक अल्जेरियाचा सर्व्हेअर सह्यांसाठी माझ्या ऑफिसात यायचा. तिशीतला, उंच, कमी बोलणारा. आमचं बोलणं इंग्रजीतून चाले. त्याची इंग्रजी फ्रेंच वळणाची, माझी नगरच्या शाळेतली. दोघांनाही निम्मं कळायचं आणि काम भागायचं.

एका डिसेंबरात मी करंज्यांचा डबा ऑफिसात नेला होता. त्यानं एक खाल्ली आणि विचारलं, "कसली मिठाई?"

"नाताळची," मी म्हटलं.

तो उठला, दार लावून आला आणि हळूच म्हणाला, "मी पण."

मला वाटलं आणखी एक हवी असेल. मी डबा पुढे केला. त्यानं घेतलीही, पण त्याला म्हणायचं होतं ते वेगळंच. त्याच्या डोंगरातल्या गावी परदेशातून रेडिओ लागायचा, त्यांच्या स्वतःच्या भाषेत. तो ऐकून तो, त्याचा भाऊ आणि आणखी पाच-सहा जण ख्रिस्ती झाले होते. पासपोर्टावर अर्थातच मुसलमान. मी बर्बर हा शब्द वापरल्यावर तो म्हणाला, ते नाव दुसऱ्यांनी दिलेलं आहे, आम्ही स्वतःला अमाझिग म्हणतो. आपल्याकडे बर्बर कोणाला म्हणतात हे मी त्याला सांगितलं नाही.

म्हणजे आम्ही ज्यांच्यासाठी वर्षभर प्रार्थना करत होतो त्यांचं काम कोणीतरी आधीच करून ठेवलं होतं. त्याला विचारून मी अध्यक्षांना सांगितलं, तर त्यांना ही आमच्याच प्रार्थनेची फलश्रुती वाटली. काळ जुळत नव्हता, पण श्रद्धेच्या बाबतीत मी कॅलेंडर काढत नाही.

त्याची बायको आणि लहान मुलगी गावाकडे होत्या. त्या वर्षांत त्याच्या देशात रस्त्यावर बस अडवून माणसं मारत होते. कोणी कोणाला मारलं याचा पत्ता दुसऱ्या दिवशीही लागत नसे. त्या दोघींना तिथून काढायचं, एवढ्यासाठी तो फुजैरात फिती सोडत होता. कंपनीनं घर द्यायचं कबूल केलं होतं, व्हिसाचे कागद फिरत होते. तो ख्रिस्ती झाल्याचा बोभाटा झाला असता तर कागद तिथेच थांबले असते. वर तोच परतीच्या विमानात बसला असता, ज्या गावातून बायको-पोरीला काढायचं त्याच गावाकडे.

तो शुक्रवारी यायला लागला. मागे, दाराजवळ बसायचा. मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण पेटी आणि ढोलकीवर आमची भजनं सुरू झाली की मान हलायची. एकदा माझ्या बायकोनं, पेटी तीच वाजवायची, त्याला खुणेनं विचारलं, तुमचं काही? त्यानं आधी नाही म्हटलं, मग गायला लागला. बसूनच, जमिनीकडे बघत. बायकोनं सूर शोधला, दोनदा चुकली, मग तिला सापडला. आमच्या ढोलकीवाल्यानं हात आवरला, असं तो एरवी कोणासाठी करत नाही. जाताना तो मला म्हणाला, "दोन वर्षांत माणसांत बसून गायलो नव्हतो."

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मराठी माणसाला कोणी आवडला की त्याचा सत्कार करावासा वाटतो. आम्ही ख्रिस्ती झाल्याला तीन पिढ्या झाल्या. या काळात आम्ही पुष्कळ गोष्टी सोडल्या, पण शाल सोडली नाही.

पुढच्या महिन्यात ते मिशनचे संचालक फुजैराला येणार होते. कार्यकारिणीत अध्यक्ष म्हणाले, "त्यांच्या हस्ते आपल्या अल्जेरियन बंधूंचा सत्कार. शाल, पुष्पगुच्छ, मानपत्र. संचालकांबरोबर कॅमेरावाला आहे."

"कॅमेरा?" मी म्हटलं. "अहो, त्याच्या बायकोचा व्हिसा व्हायचाय. बाहेर कळलं तर काय होईल?"

"पाठीमागून घेऊ फोटो. चेहरा दिसणार नाही."

"मग सत्कार कोणाचा झाला हे कळणार कसं?"

"मानपत्रात असेल ना."

"त्याला विचारलंत का?"

"विचारलं. नको म्हणाला." अध्यक्षांचा चेहरा कौतुकानं उजळला. "अतिशय विनम्र माणूस."

अडचण ही होती. आपल्याकडे सत्कारमूर्तीनं आधी नको म्हणायचंच असतं. मी कशाला, माझ्याहून मोठे आहेत, असं म्हणत मागे सरायचं, आणि चार जणांनी दंडाला धरून पुढे ओढायचं. जो लगेच हो म्हणतो त्याच्याबद्दल लोक नंतर बोलतात. त्या बिचाऱ्यानं जितक्या जोरात नाही म्हटलं तितका तो अध्यक्षांना सत्काराला लायक वाटत गेला. मतदान झालं. माझ्या बाजूनं माझ्याखेरीज एकच मत पडलं, माझ्या बायकोचं, आणि ती कार्यकारिणीत नव्हती.

मी बंदरावर जाऊन त्याला गाठलं. तो टाकीच्या सावलीत उभा राहून हात पुसत होता.

"मी तीनदा नाही म्हटलं," तो म्हणाला. "दर वेळी त्यांनी माझा हात जास्त जोरात दाबला. हे शालीचं काय असतं?"

मी समजावून सांगितलं. व्यासपीठावर बोलावतात, नाव पुकारतात, खांद्यावर शाल घालतात, टाळ्या वाजवतात.

त्यानं हात पुसायचं फडकं घडी करून खिशात घातलं. "आमच्याकडे हल्ली कोणाचं नाव सगळ्यांसमोर पुकारलं की घरातल्या बायका रडायला लागतात." मग म्हणाला, "तुम्ही थांबवा. पण त्यांना दुखवू नका. मला शुक्रवारी यायचं असतं."

"त्या दिवशी येऊ नका," मी म्हटलं.

"नाही आलो तर घरी न्यायला येतील. गाडी घेऊन. तसं सांगितलंय त्यांनी."

हे अगदी शक्य होतं. मी त्याला सांगितलं की हा कार्यक्रम होणार नाही. कसा होणार नाही हे मला माहीत नव्हतं, पण आयुष्यात जी थोडी वाक्यं मी ठामपणे बोललो त्यांतलं हे एक.

घरी जेवताना बायकोला सांगितलं की हॉलची किल्ली माझ्याकडे असते, त्या दिवशी मी कुलूपच उघडणार नाही. ती म्हणाली, "अहो, मग किल्ली माझ्याकडे द्या. तुम्ही ऐनवेळी विरघळाल." मी किल्ली दिली. ती तिनं पिठाच्या डब्यात टाकली आणि म्हणाली, "आणि पेटी नाही म्हणजे नाही. वाजवू देत तोंडानं." मग मी तिला सांगितलं की अध्यक्षांनी बॅनर लिहायला टाकलाय. आमची मुलगी तेव्हा पाचवीत होती. ताटातून वर न बघता ती म्हणाली, "बट बाबा, इफ इट्स सीक्रेट, व्हाय इज देअर अ बॅनर?"

हा प्रश्न मी फोन करून अध्यक्षांना विचारला. ते म्हणाले, "अहो, मराठीत आहे! इथे कोण वाचतंय?"

सत्काराच्या आदल्या आठवड्यात एक माणूस माझ्या ऑफिसात आला. तो सर्व्हेअरच्या कंपनीचा पीआरओ. आखातात पीआरओ म्हणजे कंपनीची व्हिसाची, इमिग्रेशनची कामं करत सरकारी खिडक्यांपुढे आयुष्य घालवणारा माणूस. हे गृहस्थ रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे मुसलमान, साठीला आलेले, पाच वेळा नमाज पढणारे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मी बंदरावरही पुस्तक घेऊन जायचो म्हणून ते मला मास्तर म्हणत.

"मास्तर, चला जरा."

"कुठे चाचा?"

"वाचनाला."

त्यांनी मला गाडीत घालून बाजारातल्या रस्त्यावर नेलं. तिथे बोर्ड रंगवणाऱ्या एका केरळी पेंटरचं दुकान होतं. दुकानाचं शटर आणि समोरचं खजुराचं झाड यांच्यामध्ये आमचा बॅनर वाळत घातला होता. पांढऱ्या कापडावर तांबडी अक्षरं. पेंटरला मराठी येत नव्हतं, त्यानं नमुना बघून काढली होती, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

चाचा गाडीतून न उतरता शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचायला लागले. "'अल्जेरियाहून आलेले, बंदरावर टाक्या मोजणारे, आपल्या मंडळीचे प्रथमफळ, यांचा हृद्य सत्कार.' नाव नाही टाकलं?"

"गुप्तता," मी म्हटलं.

"असं." त्यांनी काच खाली केली. "अख्ख्या फुजैरात टाक्या मोजणारा अल्जेरियन एक आहे, मास्तर. त्याच्या बायकोचे कागद मागच्या सीटवर पडलेत. उद्या इमिग्रेशनला न्यायचेत."

मी मागे वळून सीटकडे पाहिलं.

"प्रथमफळ म्हणजे तुमच्यात आलेला पहिला माणूस, एवढं मला कळतं. सातवीपर्यंत मराठी शाळेत होतो, ख्रिस्ती बाईच होत्या शिकवायला. मला हे पटलेलं नाही आणि पटायचं नाही. ते त्याचं आणि अल्लाचं. पण पोरगी एवढीशी आहे. फोटो बघितलाय मी कागदावर. आधी पोरीला इथं उतरू द्या, मग काय ती फळंफुलं वाटा."

"चाचा, मी थांबवतोच आहे. त्यांना वाटलं मराठीत आहे म्हणजे—"

"मराठीत आहे म्हणजे काय? या रस्त्यानं आमच्या रत्नागिरी-रायगडची निम्मी माणसं मशिदीत जातात. सगळ्यांना वाचता येतं. मराठी काय तुमच्या मंडळीनं आणली? आणि हे खाली एवढं मोठं कोणाचं नाव?"

ते मी तोवर पाहिलंच नव्हतं. खाली, बाकी सगळ्या अक्षरांच्या दुप्पट आकारात, 'अध्यक्षस्थानी' असं लिहून अध्यक्षांचं संपूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, शेवटी बी. ई. सिव्हिल.

आम्ही उतरलो. पेंटर धावत आला. "अभी गीला है, साब!"

"यल्ला, उतार," चाचा म्हणाले. "गीलाच चाहिए."

दोघांनी मिळून गुंडाळी केली. माझ्या शर्टावर पोटापाशी 'हृद्य' उलटं उमटलं. चाचांनी मला तसंच अध्यक्षांच्या दारात सोडलं आणि म्हणाले, "मी वर येत नाही. मी आलो तर मला रागावावं लागेल."

अध्यक्ष आरशासमोर भाषणाची तयारी करत होते. मी ओला बॅनर त्यांच्या बैठकीच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "कार्यक्रम रद्द करा. हॉल उघडणार नाही, पेटी वाजणार नाही, आणि त्या माणसाला आणायला गाडी गेली तर मी गाडीसमोर उभा राहीन."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. देवाच्या कार्याला अडथळे येतातच. आपण खंबीर राहायचं."

"त्याच्या बायको-मुलीचा जीव आहे यात."

"आपण त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करतोय."

अशी आमची दहा-पंधरा मिनिटं गेली. मी नीतीचं बोललो, कायद्याचं बोललो, शेवटी पवित्र शास्त्रातूनही बोललो, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये वगैरे. त्यांना माझ्याहून जास्त वचनं पाठ होती. ते उत्तर देत गेले आणि माझ्या कपाळावरचा घाम आटेना. शेवटी थकून मी म्हटलं, "बॅनर रस्त्यावर वाळत होता. त्याच्या कंपनीच्या पीआरओनं वाचला."

"त्याला मराठी येतं?"

"रत्नागिरीचा आहे. मराठी शाळेतला."

अध्यक्ष टेबलाकडे आले. त्यांनी स्वतः गुंडाळी उलगडली, सगळी नाही, फक्त खालचं टोक. बघत राहिले.

"माझं नाव त्यानं वाचलं?"

"मोठ्यानं."

"बी. ई. सिव्हिलसुद्धा?"

"तेही."

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "संचालकसाहेबांना प्रवासानं थकवा असेल. कार्यक्रम आटोपशीर ठेवू." एका मिनिटात ठराव झाला, अनुमोदन मीच दिलं. माझ्या युक्तिवादांचा यात काही वाटा होता असं मला आजही प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. बॅनर त्यांच्या सौभाग्यवतींनी रॉकेलनं पुसायचा प्रयत्न केला, मग त्याचे तुकडे केले.

शुक्रवारी संचालक आले. शाल आणलेलीच होती, ती त्यांना घातली. ते आधी नको म्हणाले. बर्बर लोकांमध्ये दारं उघडत आहेत असं ते बोलले आणि कॅमेऱ्यात पेटी वाजवणारी माझी बायको आली, कारण तोवर तिनं बंदी उठवली होती. तो सर्व्हेअर त्या दिवशी एका ग्रीक जहाजावर होता, चाचांनी मुद्दाम त्याची पाळी लावून घेतली होती. पुढच्या शुक्रवारी तो नेहमीसारखा दाराजवळ येऊन बसला. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. गुप्तता त्यांनी आता मनावर घेतली होती.

व्हिसा झाला. चाचांनी कागद माझ्या टेबलावर आणून दाखवले, हातात दिले नाहीत, आणि म्हणाले, "बघा. शिक्का बघा. आता निजा." त्या संध्याकाळी सर्व्हेअर घरी आला. बायकोनं पुरणाचं केलं होतं, ते त्याला फार गोड झालं, पण सगळं संपवलं.

त्या दोघी दुबईला उतरणार होत्या. माझी गाडी लहान आणि सामान किती असेल कोण जाणे, म्हणून गाडीचा प्रश्न आला, आणि अध्यक्ष पुढे झाले. "मंडळीच्या वतीनं," ते म्हणाले. "गाजावाजा नाही. नुसती गाडी." गाडी नवी होती. सकाळी आम्ही तिघं निघालो आणि या खेपेला चहाला कुठे थांबलो नाही.

त्याची बायको ढकलगाडी घेऊन बाहेर आली, सामान दोनच बॅगा. मुलगी तिच्या झग्याला धरून होती. तिनं बापाला फोनवरच ऐकलं होतं. तो खाली बसला, हात पुढे केले, आणि ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली, जणू खरा बाप मागून येतोय. मग त्यानं काहीतरी हळू आवाजात म्हटलं, त्यांच्या भाषेत. आवाज ओळखून ती एकदम त्याच्याकडे वळली. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मीही इकडेतिकडे पाहिलं.

परतताना ती बापाच्या मांडीवर बसली होती. तिची आई खिडकीतून उघडे डोंगर बघत होती. मसाफीच्या घाटातल्या वळणांना लागल्यावर अध्यक्षांना राहवलं नाही. गाडी चालवत असल्यामुळे डोळे उघडे ठेवून त्यांनी मोठ्यानं आभाराची प्रार्थना सुरू केली. समुद्रापलीकडच्या राष्ट्रांना तू आणलंस, पर्वतांवरच्या कन्यांना तू हाक मारलीस, अशी ती चढत गेली आणि वळणंही चढत गेली. ते आमेनच्या जवळ आले असतील तेव्हा मुलीनं विमानात खाल्लेलं सगळं त्यांच्या पाठीमागच्या सीटवर ओकून टाकलं. सीटकव्हर मरून मखमलीचं होतं. ते धुऊन निघालं नाही, बदलावं लागलं.